शिंप्याने घेतलेलं शेवटचं माप

"हात नका लावू बाई, विषारी असेल!" गॅरेजवाला म्हणाला.

विषारी कोण आहे ते बघतेच, असं मनाशी म्हणत पालिकेच्या वृक्ष-तपासणीस बाईंनी झाडाच्या खोडावर उगवलेल्या त्या तपकिरी अळंबीखाली आरसा धरला. ऑफिसात त्यांना शंकाबाई म्हणत, ते काही उगाच नाही. या माणसाला शेड वाढवायची होती आणि झाड आडवं येत होतं. गेल्याच वर्षी अशाच एका महाभागाने झाड कुजलंय असं दाखवायला कुठूनशी अळंबी आणून सरसाने चिकटवली होती, तीही उलटी, छिद्रं आभाळाकडे करून! अळंबीची छिद्रं जमिनीकडे असतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

आरशात छिद्रं दिसली. पांढरीशुभ्र, टाचणीच्या टोकाएवढी, आणि जमिनीकडेच. बाईंनी नखाने ओरखडा काढला तर लगेच तपकिरी रेघ उमटली. म्हणजे जिवंत, इथेच वाढलेली, आतून लाकूड खाणारी जात. बाईंचा चेहरा पडला.

"मी कधीपासून सांगतोय! चार माणसं काम करतात माझी याखाली."

झाडाखाली मशीन घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने मान वर केली नाही. "कालपर्यंत काही नव्हतं हो इथं."

काल? एवढी वाढायला वर्ष लागतं! बाईंची शंका गर्रकन शिंप्याकडे फिरली. त्यांनी खोड चाचपलं. कापल्याचे जुने व्रण, वर माती लिंपलेली. एक, दोन... सात.

"आजोबा, ती चिंध्यांची पेटी उघडा बरं."

पेटीत सात वाळक्या अळंब्या निघाल्या. प्रत्येकीच्या पोटावर सुईने कोरलेलं वर्ष आणि झाडाचा घेर.

"आमच्या हिनं लावलेलं झाड," शिंपी म्हणाला. "ती गेली त्या वर्षी पहिली उगवली. वाटलं, कापून टाकली की जाईल."

"असं जात नाही हो ते. आत असतं."

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. गॅरेजवाल्याला खोटं पाडायला केवढ्या हौसेने आल्या होत्या! त्यांनी अर्जावर 'तोडावे' लिहिलं आणि घेराच्या रकान्यासाठी टेप शोधू लागल्या.

"थांबा." शिंपी उठला. गळ्यातली टेप काढून दोन्ही हातांनी त्याने ती खोडाभोवती नेली आणि गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसा खणखणीत आवाजात म्हणाला, "अठ्ठावन्न. लिहिलंत?"

"लिहिलं."

"वाचून दाखवा."

"अठ्ठावन्न."

"बरोबर." त्याने टेप पुन्हा गळ्यात घातली आणि गॅरेजवाल्याकडे न बघता म्हणाला, "मशीन उचलायला जरा हात लावा."