माझी पेटी कुठली?

मुलांच्या मनाचं काम करणाऱ्यांनी घरच्या मुलांवर आपली विद्या चालवू नये, हे आम्हाला शिकतानाच बजावलेलं असतं. मीही तेव्हा नंदीबैलासारखी मान डोलावली होती. मग धाकट्या बहिणीला दुसरं बाळ झालं आणि पाच वर्षांची भाची, आमची ठमी, माझ्याकडे राहायला आली.

ठमीने आल्याआल्या संप पुकारला. घरी जाणार नाही, बाळाचं तोंड बघणार नाही. पिशवीत स्वतःची जुनी दुधाची बाटली लपवून आणली होती आणि दूध पिणार तर त्यातूनच. मेहुण्यांनी फोनवर फर्मान काढलं, "ताई, ती बाटली आधी कचऱ्यात टाका. मोठी झाली ती आता."

"पिऊ द्या," मी म्हटलं. "धाकटं आलं की थोरल्याला पुन्हा लहान व्हावंसं वाटतं. पुरेसं लहान होऊ दिलं की आपोआप मोठी होते."

"तुमचं पुस्तकातलं तुमच्याकडेच ठेवा," मेहुणे म्हणाले आणि फोन ठेवला. माणूस चांगला आहे, पण बोलायला गेलं की अंगावर येतो.

त्याच दिवशी संध्याकाळी बहीण बाळाला घेऊन दवाखान्यातून आपल्या घरी येणार होती आणि ठमीला घेऊन मी तिथे पोचायचं होतं. ठमी आली नाही तर मी रडेन, असं बहिणीने सांगूनच ठेवलं होतं. ती रडेन म्हणाली की खरंच रडते, लहानपणापासून.

घरी कुणी नसल्यामुळे ठमीला दुपारी कामावर न्यावं लागलं. माझ्या खोलीत एक लांब फळी आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यावर एक पेटी असते आणि झाकणावर चित्र: मासा, छत्री, गाजर. आतली खेळणी फक्त त्या मुलाची. त्याने ती जशी ठेवली तशीच पुढच्या खेपेला त्याला सापडली पाहिजेत. माझ्या धंद्यातलं हेच खरं औषध आहे. बाकी मी नुसती हं हं करत असते.

छत्रीची पेटी 'चार वाजताच्या'ची. मुलांची नावं मी कुणापुढे घेत नाही, म्हणून तो चार वाजताचा. कित्येक महिने तो एक शब्द बोलला नव्हता. एका लंगड्या लाकडी घोड्याला फडक्याखाली झोपवायचा आणि जायचा. मागच्या खेपेला मात्र दारातून म्हणाला होता, "त्याला उठवू नका."

मी चहा घेऊन आले तर छत्रीचं झाकण उघडं, फडकं जमिनीवर आणि घोडा गायब. ठमी खिडकीशी अगदी शहाण्यासारखी उभी. चार वाजत आले होते.

तरी मी जमिनीवर मांडी घातली आणि मऊ आवाजात विचारलं, "ठमे, तुला बाळाला कुठेतरी लपवून टाकावंसं वाटतंय का?"

"मावशी, तो कामाचा आवाज काढू नकोस."

मग माझंही डोकं सटकलं. "बरं, नाही काढत! मला राग आलाय! घोडा त्याचा आहे, आण इकडे!"

"सगळ्यांना पेटी आहे!" ठमी माझ्याहून मोठ्याने ओरडली. "माशाला आहे, छत्रीला आहे, गाजराला आहे! मला नाही! तू त्यांची मावशी नाहीयेस, माझी आहेस!" आणि भोकाड पसरलं.

आल्यापासून मी तिच्या तोंडी बाळाचा मत्सर घालत होते. बाळाला तिने अजून पाहिलंही नव्हतं. आईची मांडी गेली म्हणून ती माझ्याकडे आली, तर इथे फळीभर पोरं आधीच बसलेली. इतकी वर्षं हेच काम करून मला ते दिसलं नाही, याची लाज वाटली आणि हसूही आलं.

मी तिला कुशीत घेतलं. रडून झाल्यावर तिने खुर्चीच्या उशीमागून घोडा काढला आणि स्वतःच पेटीत फडक्याखाली ठेवला. "तोंड भिंतीकडे होतं," म्हणाली. खरंच तसंच होतं.

वरच्या फळीवरची कोरी पेटी मी खाली काढली. ठमीने झाकणावर बदक काढलं. ते बटाट्यासारखं दिसत होतं, पण मी बोलले नाही. मग तिने पिशवीतून बाटली काढली. तळाशी थोडं दूध होतं.

"ही इथे राहील. मला लहान व्हायचं असेल तेव्हा मी येणार. बाबांना सांगायचं नाही."

"नाही सांगत."

"मग मी संध्याकाळी बाळाला बघते." झाकण लावता लावता ती थांबली. "मावशी, तुझी पेटी कुठली?"

तिची आई जन्मली तेव्हा मी पाच वर्षांची होते. सगळे म्हणाले, आता तू ताई झालीस. आणि मी झाले, त्याच दिवशी. पेटीबिटी कुणी दिली नाही.

"मला नाहीये गं."

ठमीने पेटीतून बाटली परत काढली आणि माझ्यापुढे केली. "पी. मी पण नाही सांगणार."

मी दाराकडे बघून घेतलं. बाहेर चार वाजताच्याची पावलं वाजत होती. मी पटकन दोन घोट प्याले. दूध कोमट होतं, आणि चांगलं गोड.