राखून ठेवलेल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मी रागावलेला आहे. गोड बोलणारा डबा हवा असेल तर दुसरे घर बघा.

माझा जन्म बिस्किटांसाठी झाला. ती संपली आणि कामरगावच्या नथ्थूने मला भाजीच्या बियाण्यासाठी ठेवून घेतले. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. वीस वर्षे मी त्याचे बी कोरडे राखले. पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. लोक म्हणायचे, "नथ्थूच्या डब्यातलं बी हाय, उगवणारच!" तेव्हा मला बरे वाटायचे.

मग नथ्थूच्या जबड्यात कॅन्सर निघाला. दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या. दुखो न दुखो, घड्याळ पाहून घ्यायच्या, असे डॉक्टरांनी बजावले. या शहाण्याने बी बाहेर काढले आणि गोळ्या माझ्यात कोंबल्या.

"आता खाल्ल्या तं खरं दुखन तवा काय लागू पडन?" तो बायकोला, सीताबाईला म्हणाला. "राखून ठेव."

अरे मूर्खा, गोळी म्हणजे काय वांग्याचे बी आहे?

शेजारचा गोपीचंद तर माझा वैरीच. "याची लत लागते, भाऊ. अन् ह्या शेवटच्याच टायमाले देतात," असे सांगून तो आपल्या घरी निवांत जेवायला जाई. डॉक्टरांसमोर नथ्थू शूर. "बरं हाय, सायेब." दुखते म्हटले तर डॉक्टर गाठीवरचा इलाज सोडतील, अशी त्याला भीती.

त्याची मुलगी अंजू दर रविवारी मंगरूळपीरहून बसने यायची. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. "बाबा माह्याशी काहून बोलत नाही? माहं काय चुकलं?" असे आईला विचारून ती रडत परत जायची. मला सगळे ठाऊक होते. पण डब्याला तोंड असते, जीभ नसते.

नऊ रविवार असे गेले. मग दवाखान्याच्या नर्सबाई घरी आल्या आणि सीताबाईचा बांध फुटला. "बाई, हे खोटं बोलून राह्यले!" तिने माझे झाकण उघडून मला पुढे ढकलले.

मी त्यांच्या जागी असतो तर शिव्या दिल्या असत्या. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "नथ्थूभाऊ, दुखणं वाढलं तर डॉक्टर गोळी वाढवून देतात. राखून ठेवाची गरज नाही. अन् सांगतल्यासारखी घेतली तं लत लागत नाही."

त्याने घेतली. पुढच्या रविवारी तो उठून बसला होता. "मी रागावलो नव्हतो, माय," तो अंजूला म्हणाला. "लय दुखत होतं." ती त्याच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली.

असे चारच रविवार त्यांना मिळाले.

तेराव्याला गोपीचंद म्हणाला, "किती सोसलं बिचाऱ्यानं! हूं का चूं केलं नाही."

"कौतुक नका सांगू, भाऊजी," सीताबाई कडाडली. "त्या सोसन्यापायी माह्या पोरीचे नऊ रविवार गेले."

मित्रांनो, घरात कोणी दुखणे गिळत असेल तर त्याला शूर म्हणू नका. जवळ बसा, किती दुखते ते विचारा आणि खरे उत्तर मिळेपर्यंत उठू नका.