शेवंतीबाईंनी ओतून दिलेले बारा पेले

मित्रांनो, मी एक जुना, अंगठ्याएवढा काचेचा पेला आहे. भट्टीतून निघालो तो थेट परळच्या एका बंद गिरणीत कामाला लागलो. गिरणी कामगारांच्या संपानंतर ती पुन्हा उठलीच नाही. तिच्या साचाखात्यात, जिथे कापड विणले जाई, तिथे आता दारूचा बार आहे. गाणी लागली की फळी थरथरते आणि तिच्यासोबत मीही. एका जागी स्वस्थ बसणे माझ्या नशिबातच नाही.

काम तर त्याहून विचित्र. माझ्यात मलईची गोड दारू ओततात आणि वर लिंबू पिळतात. ती लगेच नासते, गुठळ्या होतात. याला म्हणे 'सिमेंट' म्हणायचे! गिऱ्हाईक डोळे मिटून गिळते, तोंड वेडेवाकडे करते आणि त्याचे दोस्त टाळ्या पिटतात. हौसेला मोल नसते, दुसरे काय! पण असले कौतुक मला कधी रुचले नाही.

मग आम्हाला विसळायला शेवंतीबाई आल्या. त्यांचे यजमान दत्ताराम याच खात्यात साचे चालवायचे. संपात ते खचले ते खचलेच. आता बाईंची चूल या नोकरीवर पेटत होती. दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी फळीवर 'सिमेंट' भरून ठेवलेल्या आम्हा बारा भावांना पाहिले आणि त्या हबकल्या. कोणाला न विचारता त्यांनी आम्हाला मोरीत उपडे केले आणि घासून लख्ख केले.

मॅनेजर धावत आला. "मावशी, काय केलंत हे? पार्टीची ऑर्डर होती ती!"

"अरे बाबा, नासलं होतं ते सगळं! संपात नासलेलं दूध गूळ घालून पोरांना दिलंय मी. पण पावण्याम्होरं कधी नाय ठेवलं."

"ते नासवायचंच असतं! उद्यापासून येऊ नका."

बाई उरलेले पेले विसळू लागल्या. मला इतका राग आला, की तडकून जावेसे वाटले.

दारू मिसळून देणाऱ्या राजारामने पुन्हा बारा पेले भरले. मला उचलून त्याने मॅनेजरपुढे धरले. "साहेब, आधी तुम्ही घ्या. कधी चाखलंय?"

सगळे बघत होते. मॅनेजरने घोट घेतला, गाल फुगवले आणि मोरीकडे पळाला.

"मावशी, पाणी!"

शेवंतीबाईंनी मलाच विसळले आणि पाणी भरून दिले. इतक्या वर्षांत माझ्यात पहिल्यांदाच प्यायचे साधे पाणी आले. ते पिऊन मॅनेजर हळूच म्हणाला, "उद्या वेळेवर या."

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही, काच आज ना उद्या फुटायचीच. फक्त जे आपल्याला गिळवत नाही ते दुसऱ्यापुढे ठेवू नका. आणि कोणी ते ओतून दिले, तर तिला घरी पाठवू नका.