काळा दोरा

भिवा वस्तादांनी विश्राम शिपायाच्या मनगटावर काळा दोरा बांधला आणि प्रसादाचं खोबरं काळुरामपुढे केलं. तसलाच दोरा काळुरामच्याही मनगटावर होता. खोबरं त्याने घेतलं आणि मुठीतच धरून ठेवलं. विश्रामचा जो हात मोडायला तो चार महिने ठाण्याच्या या तालमीत घाम गाळत होता, तोच हात वस्ताद प्रेमाने थोपटत होते.

माजिवड्याच्या मिठागरावर संध्याकाळी बायका सुटल्या की हा विश्राम नाक्यावर झडतीला उभा असे. सरकारचं मीठ चोरून नेतात म्हणे. म्हाताऱ्यांना तो नुसतं पुढे व्हा म्हणायचा. काळुरामची बायको गोदा आली की मात्र त्याला ओच्यात, कमरेला, सगळीकडे मीठ दिसायचं. गोदा घरी येऊन अंग घासघासून धुवायची आणि काळुराम ओट्यावर बसून पाण्याचा आवाज ऐकायचा.

तेव्हाच त्याने काहीतरी शिकायचं ठरवलं. कुस्ती म्हणावी तर खुराकाला दूध-बदाम कुठून आणायचे? दांडपट्टा दिसायला झोकदार, पण पातं घेऊन रस्त्यात निघालं की सरकार आधी आत टाकणार. राहिली लाठी. ती गरिबाच्या हातात कुणाला खुपत नाही. त्याने मारुतीपुढे नारळ फोडला, मनगटावर काळा दोरा बांधून घेतला आणि सगळ्या चेल्यांसारखी शपथ घेतली, की गुरुबंधूवर तालमीबाहेर हात उचलणार नाही. गुरुबंधूशी आपलं कशाला वाकडं येतंय, असं त्याला वाटलं होतं.

विश्रामला याची कुणकुण लागली. लाठी शिकायची त्याला गरजच नव्हती, तो नुसता नारळ आणि पेढे घेऊन आज वस्तादांचा चेला व्हायला आला.

"वस्ताद, तुमाना सगला सांगितलेला मी," काळुराम म्हणाला.

"आता भाऊ झालात तुम्ही. भांडण मिटलं," वस्ताद म्हणाले आणि पेढ्यांची टोपली त्यांनी मांडीजवळ ओढली. त्यांची ती चिकट बोटं पाहून काळुरामला किळस आली. त्याहून जास्त किळस स्वतःची आली, कारण मारुतीची शपथ मोडायची त्याची छाती नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी तो लाठी घेऊन नाक्यावर गेला. विश्रामने मनगट वर करून दोरा दाखवला, "काय गुरुभाऊ" म्हणून हसला आणि हात गोदाच्या कमरेकडे नेला. काळुरामची लाठी जमिनीलाच टेकलेली राहिली.

गोदाने नवऱ्याकडे पाहिलं. डोक्यावरची रिकामी पाटी उतरवून त्याच्या एका हातात दिली आणि दुसऱ्या हातातली लाठी काढून घेतली. पहिलाच फटका तिने शिपायाच्या दोरा बांधलेल्या मनगटावर घातला.

"मी कोनापुढं नारल नाय फोरला," ती म्हणाली.

विश्राम मनगट धरून खाली बसला आणि शिव्या देत राहिला. मागच्या बायका झडतीला न थांबता एकेक करून त्याच्या बाजूने निघून गेल्या. उद्या काम राहणार नव्हतं, कदाचित चौकीतही जावं लागणार होतं, हे सगळ्यांनाच कळत होतं.

गोदा लाठी खांद्यावर टाकून बांधावरून पुढे चालली होती. काळुराम तिची पाटी घेऊन मागून जात होता. लाठी त्याने परत मागितली नाही.