सुताची जाळी

चार बोटं. एक अंगठा. चामड्याच्या वाद्या अकरा, त्यांतल्या सात तुटलेल्या. मनगटाचा पट्टा एक, बटण नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये सुती दोरीची एक जाळी, शाबूत. हळदीकुंकवाचे डाग बरेच. ते एकमेकांत मिसळल्यामुळे मोजता आले नाहीत. नागपूरच्या तांडापेठेतल्या एका घरात अपेक्षाने मला फळीवरून काढून वर्तमानपत्रावर ठेवलं, तेव्हा मी एवढा उरलो होतो.

मित्रांनो, मी बेसबॉलचा ग्लव्ह. मैदानावर मला सगळे 'ग्लव्हज' म्हणतात, एकटा असलो तरी. माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. जाड चामडं कापून मला आधी उलटं शिवलं, मग सुलटं केलं आणि लाकडी ठोकळ्याने ठोकून तळव्यात खळगा पाडला.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका शाळेने सॉफ्टबॉलचे ग्लव्ह मागवले आणि त्यांत चुकून मी आलो. चूक दुहेरी होती. बेसबॉलचा चेंडू लहान, सॉफ्टबॉलचा बराच मोठा. शिवाय मी उजव्या हातात घालायचा, म्हणजे डाव्या हाताने फेकणाऱ्याच्या कामाचा. त्या शाळेत डावखुरी मुलगी एकच होती, प्रेमिला पराते. मी तिला मिळालो.

मोठ्या चेंडूने माझी चामड्याची जाळी तिसऱ्याच सामन्यात फाटली. प्रेमिलाचे वडील जागेश्वर विणकर होते. त्यांनी चेंडू मागून घेतला, दोन्ही हातांत फिरवून पाहिला आणि मागावरची पीळदार सुती दोरी घेऊन त्याच मापाची जाळी विणली. त्या जाळीत प्रेमिलाने पुढे कितीतरी झेल घेतले. झेल बसला की माझ्यातून 'थप्प' असा आवाज येई, मग टाळ्या. माझी कमाई तेवढीच होती, आणि ती मला पुरत असे.

पुढे प्रेमिलाला नोकरी लागली, खेळ सुटला. जागेश्वर गेले, माग बंद झाला. विणकराच्या घरी दसऱ्याला मागाची पूजा होते. माग गेल्यावर ती पूजा माझ्या वाट्याला आली. दर दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि जवसाचं तेल. एरवी वर्षभर माझ्यात कोणी हात घालत नसे. मान भरपूर होता, काम नव्हतं. वर्षागणिक मी ताठ होत गेलो.

अपेक्षा ही प्रेमिलाच्या भावाची मुलगी. रसायनशास्त्र शिकलेली, आत्यासारखीच डावखुरी आणि सॉफ्टबॉल खेळणारी. तिच्या टीमकडचे सगळे ग्लव्ह डाव्या हातात घालायचे. झेल घ्यायचा, ग्लव्ह काढायचा, मग फेकायचं. तोवर धावणारी पुढच्या बेसवर पोचलेली असे. शेवटी टीमच्या सरांनी सांगून टाकलं होतं, "रविवारी पंचवीस चेंडू मारीन. वीस झेलून लगेच फेकले तं टीममधे. नाही तं बाहेर बसून टाळ्या वाजव."

म्हणून तिने मला फळीवरून काढलं होतं. माझा तळवा तिने दाबून पाहिला, नखाने खरवडून पाहिला.

"आत्या, याले तेल कोनतं लावलं वं?"

"जवसाचं. तुहा बाप बॅटले लावे ना, तेच. काहून?"

"बॅट लाकडाची असते. चामड्यावर हे तेल वाळते अन् पापडावानी कडक होते."

"म्हंजे मी पूजा करू करू याले मारला म्हन ना!"

"मारला नाही, ताठ केला," अपेक्षा हसून म्हणाली. "चाल, दुकानात दाखवू."

शहरातल्या महाल भागात धर्मेंद्रचं खेळाचं सामान दुरुस्त करायचं दुकान आहे. त्याने मला उलटंपालटं केलं.

"हे सुताडं पहिले कापून फेकू," तो म्हणाला. "चामड्याची जाळी हाय माह्यापाशी, याच मापाची. रविवारच्या आत एकदम वरिजिनल करून देतो."

"सुताडं?" प्रेमिलाने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "माह्या बापानं विणलं हाय ते!"

"आत्या, मले खेळाचं हाय वं. इतकी जुनी दोरी ऐन वेळी तुटली तं मी बाहेर. कापू दे ना."

"काप मंग. तुह्या आज्याची एवढीच तं निशाणी राहिली होती."

धर्मेंद्रने कात्री हातात घेतली. मला फक्त एवढंच कळत होतं की कापलं तर मी जसा जन्मलो तसा होईन.

"थांबा," अपेक्षा म्हणाली. "पहिले माप पाहू."

तिने चामड्याची नवी जाळी माझ्या भोकांवर धरली आणि पिशवीतला सॉफ्टबॉल वर ठेवला. तो आत गेलाच नाही. वरच्या वर डुगडुगत राहिला.

आधी धर्मेंद्रच हसला. "नारळ बसला ना मॅडम, कलशावर!"

मग तिने तोच चेंडू सुताच्या जाळीत ठेवला. तो निम्मा आत उतरला आणि थांबला. अपेक्षाने दोरी ताणली, पीळ उलगडून उजेडात पाहिला. एकही धागा तुटलेला नव्हता. तेलही नव्हतं.

"आत्या, इथं तेल नाही लावलं?"

"विणकराच्या घरात सुताले तेलाचा हात लागते का कधी? बानं घराबाहेर काढलं असतं मले."

अपेक्षाने कात्री धर्मेंद्रच्या हातातून घेतली आणि गल्ल्यावर ठेवली. "फक्त वाद्या बदला. जाळीले हात लावू नका."

तळव्याची जबाबदारी तिने स्वतः घेतली. तेल काढणारं द्रावण आधी मनगटाच्या पट्ट्याच्या आतल्या कोपऱ्यावर लावून पाहिलं, तिथे चामडं बिघडलं नाही, मगच पुढे गेली. मुरून वाळलेलं तेल सगळं निघालं नाही. रोज संध्याकाळी आत्या आणि ती आळीपाळीने मला चोळत, दुमडत बसल्या. मी थोडा मऊ झालो, पूर्वीसारखा नाही. प्रेमिलाने खूप वर्षांनी माझ्यात हात घातला, तो तेव्हा.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला काही लावण्याआधी ती कशाची आहे ते विचारा. तिच्यावरचं काही काढण्याआधी ते कोणी आणि कशासाठी बसवलं तेही विचारा. आणि जमलं तर तिला हाताळा. फळीवर आम्ही टिकतो असं तुम्हाला वाटतं; तिथे आम्ही फक्त असतो.

रविवारी सकाळी सरांनी पंचवीस चेंडू मारले. तळव्यावर नऊ आले, त्यांतले पाच निसटले. जाळीत सोळा आले, निसटला एकही नाही. झेलून लगेच फेकलेले चेंडू भरले वीस.