सातव्या बेडची चादर

आमच्या चिरंजीवांना ओस पडलेल्या हॉस्पिटलांचे फोटो काढायचा नाद आहे. स्वतःच्या खोलीतली कोळिष्टकं त्याला दिसत नाहीत, बंद वॉर्डातली मात्र तो तासन्‌तास निरखतो. पोपडे उडालेली भिंत दिसली की त्याचा चेहरा खुलतो. मी तीस वर्षं वॉर्ड सिस्टर होते. पोपडे दिसले की मी वर अर्ज करायचे.

मागच्या वर्षी त्याने आमचंच बंद हॉस्पिटल गाठलं. फोटोला बक्षीस मिळालं, प्रदर्शन भरलं, मी ठेवणीतले कपडे घालून गेले. फोटोत माझा वॉर्ड होता. खिडकीतून ऊन, सगळीकडे धूळ, आणि सात नंबरच्या बेडवरून जमिनीवर लोळणारी चादर. लोक समोर उभे राहून उसासे टाकत होते. "किती बोलका आहे फोटो!" एक बाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण हॉस्पिटल बंद झालं त्या दिवशी, शेवटचा पेशंट गेल्यावर, मी आणि माझ्या हाताखालच्या छोट्या सिस्टरने बावीसच्या बावीस बेड नीट करून ठेवले होते. आता कुणी येणार नव्हतं, तरी केले. दाराकडची रांग माझी, खिडकीकडची तिची. सातवा बेड खिडकीखाली.

घरी आल्या आल्या फोन लावून मी तिला फैलावर घेतलं.

"ताई, शपथ सांगते, मी चादर खोचली होती. कोपरेसुद्धा दुमडले होते."

"मग फोटो काय खोटं बोलतो?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर अकरा महिने अबोला. तिच्या मुलीच्या लग्नालाही मी गेले नाही, पाय दुखतात म्हणून कळवलं. पाय ठणठणीत होते.

परवा जेवताना चिरंजीव फोनवर कुणा मित्राला अक्कल शिकवत होते. "अरे, आहे तसं काढलंस तर काहीच येत नाही. माझ्या त्या बेडवर चादर इतकी नीट खोचलेली, की आत्ता कुणीतरी येऊन झोपेल असं वाटत होतं. शेवटी मीच ओढून खाली सोडली."

माझा हात वाढता वाढता थांबला. त्याने फोन ठेवल्यावर विचारलं, "बाकीचे बेड?"

"सगळे तसेच. धुळीखालीसुद्धा कोपरे जसेच्या तसे. नुसता वैताग!"

मला रडू फुटलं. आनंद होता त्यात, आणि स्वतःची लाजही. मग मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. वय वर्षं चौतीस.

"उद्या जाऊन ती चादर खोचून ये."

"आई, तिथे कोण बघणार आहे?"

"तेव्हाही कुणी बघणार नव्हतं."

आधी त्याच्याच पलंगावर चार वेळा सराव करून घेतला. दुसऱ्या दिवशी तो खोचून आला, पुरावा म्हणून फोटोही घेऊन आला. "याला कुणी बक्षीस देणार नाही," म्हणाला. मी तो फोटो छोट्या सिस्टरला पाठवला आणि धीर करून फोन लावला. तिने उचलला.

"सातवा बेड नीट होता," मी म्हणाले. "माझं चुकलं."



"फोटोतला उजवा कोपरा ढिला आहे," ती म्हणाली. "कुणी केलाय?"

"चिरंजीवांनी."

"पाठवा त्याला माझ्याकडे. आणि तुम्हीही या, ताई. पाय दुखत नसतील तर."