मास्तरांच्या सुनेचा फटका

मास्तर गोल्फ शिकवायचे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांचं दुखणं बहुतेक वेळा एकच असायचं. चेंडू निघायचा सरळ, आणि मधेच कुणीतरी हाक मारल्यासारखा उजवीकडे वळून जाळीत शिरायचा. ही माणसं आपापल्या जागी मोठी असत. हाताखालची पोरं त्यांच्यासमोर उभी राहायला घाबरत. पण गोल्फच्या मैदानावर त्याच पोरांचे चेंडू सरळ जात आणि साहेबांचे गाड्या लावायच्या जागेत. अशा माणसाला दोष घालवायचा असतो, आणि कष्ट न पडता घालवायचा असतो. यातलं दुसरं तो बोलून दाखवत नाही. मास्तरांना ते न बोलता कळायचं, ही त्यांच्या धंद्यातली खरी विद्या.

नव्या माणसाला ते आल्या आल्या काही शिकवत नसत. खुर्चीत बसवायचे, पाणी मागवायचे आणि चेंडू मारायला अंथरलेल्या चटयांपैकी कडेच्या चटईकडे हनुवटीने दाखवायचे. "ती बघा, आमची सूनबाई."

सूनबाई चेंडू ठेवायची, मान खाली, खांदे सैल, आणि फटका. चेंडू सुतात ओवल्यासारखा सरळ जायचा.

"लग्न होऊन आली तेव्हा तुमच्याहून वाईट मारायची," मास्तर म्हणायचे. "विचारा तिला."

कुणी विचारत नसे. खिशाकडे हात मात्र तिथेच जायचा.

आणि ते खरंही होतं. लग्नानंतर उगाच गंमत म्हणून तिने स्टिक हातात घेतली, तेव्हा तिचे चेंडू बघून शेजारच्या चटईवरची माणसं मागे सरकायची. मग मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं. त्यांचे नियम दोनच होते. दुसऱ्याची स्टिक हातात घ्यायची नाही, हात बिघडतो. आणि फटक्याच्या वेळी स्टिककडे बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं. एका हंगामात तिचा चेंडू सरळ झाला. तिचा तर त्यावर इतका जीव जडला की स्वयंपाकघरात उलथनं हातात धरून ती कंबर फिरवायची आणि जेवणाऱ्या नवऱ्याला विचारायची, "बघ ना, कोपर जवळ आलं?"

"आलं की. छान आलं," नवरा म्हणायचा आणि भाजी वाढून घ्यायचा.

नवरा मैदानामागच्या खोलीत दुरुस्तीचं काम बघायचा. दांडे जोडायचे, मुठीचं झिजलेलं रबर काढून नवं चढवायचं. बोलायचा कमी, म्हणून लोक त्याला प्रामाणिक समजत. ही चूक पुष्कळ जण करतात, तिनेही केली.

मग पलीकडच्या मोठ्या मैदानावर नवशिक्यांना शिकवण्यासाठी जागा निघाली, आणि सुनेने अर्ज केला.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही, बाबा. पण इथे मी दाखवायला आहे, शिकवायला नाही."

मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या पानावर नुसत्या जाहिराती होत्या, पण त्यांनी ते बराच वेळ वाचलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे की तिला. नाही जमलं तर परत येईलच."

तिला ते प्रेमाचं वाटलं.

मोठ्या मैदानावरच्या मुख्य प्रशिक्षक म्हणजे एक ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई. त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी खाली ठेवायला लावली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या स्टिकांमधली एक पुढे केली. "शिकायला येणाऱ्यांकडे स्वतःचं काही नसतं. त्यांना ह्याच स्टिकने दाखवावं लागतं. मारा."

पहिला चेंडू उजवीकडे गेला. सून हसली, म्हणाली, सवय नाही हातात. दुसराही गेला. तिसऱ्यानंतर ती हसली नाही. हातातली स्टिक परकी होती, पण चेंडू ओळखीचा होता. लग्नाच्या वर्षीचा, तोच वळणारा चेंडू.

बाईंनी तिच्या पिशवीतली स्टिक उचलली, चष्मा नाकावर आणला आणि मुठीवर बोट फिरवलं. मुठीच्या रबराला खालच्या बाजूने एक बारीक उंचवटा असतो. न बघताही बोटं त्यावर जाऊन बसतात आणि हात दर वेळी एकाच जागी येतो. तो उंचवटा इथे जागेवर नव्हता. किंचित फिरवून बसवलेला होता. बोटं त्याच्यावर ठेवली की स्टिकचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आपोआप डावीकडे वळायचं. चेंडू उजवीकडे पळायला बघायचा, स्टिक त्याला डावीकडे ओढायची, आणि दोघांच्या भांडणात तो सरळ जायचा.

"कुणी बसवलं हे?"

सुनेने स्टिक परत घेतली आणि मुठीवर स्वतःचं बोट फिरवलं.

"हात चांगला आहे बसवणाऱ्याचा," बाई म्हणाल्या. "तुमचा दोष गेलेला नाही, झाकलाय. पुढच्या महिन्यात परत या. पण येताना तुमचा फटका घेऊन या, स्टिकचा नको."

परतीच्या वाटेवर तिला नवऱ्याचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. नाही जमलं तर परत येईलच. ते प्रेमाचं नव्हतं, माहितीचं होतं.

नवरा खोलीत कुणाच्या तरी स्टिकचं रबर सोलत होता. तिने आपली पिशवी त्याच्या टेबलावर आडवी केली.

"सगळ्यांची अशीच बसवतोस?"

त्याने सुरी खाली ठेवली. "बाबा सांगतात त्यांची."

"म्हणजे सगळ्यांची."

"अगं, लोक खूश होऊन जातात. कुणाचं काय बिघडतं?"

"मी लोक आहे?"

त्याने सुरी पुन्हा उचलली.

"बाबांचं एक वेळ सोड," ती म्हणाली. "त्यांचा धंदा आहे. तू जेवताना बघत होतास मला. उलथनं घेऊन नाचत होते मी तुझ्यासमोर. कोपर छान आलं म्हणायचास."

"तुला आनंद व्हायचा."

"भाजीला मीठ कमी असलं तर सांगायचास. हे नाही सांगितलंस."

भिंतीवर नव्या स्टिका टांगलेल्या होत्या, मास्तरांच्या नजरेखालून अजून न गेलेल्या. तिने त्यातली एक काढली आणि बाहेर आली.

दुपारची मंडळी खुर्च्यांवर होती. मास्तर कुणाला तरी पाणी देत होते. "ती बघा, आमची सूनबाई," त्यांचं सुरू झालंच होतं.

चेंडू गेला आणि वळून जाळीत शिरला. मास्तरांचा पेला हातातच राहिला. तिने दुसरा मारला. तोही तिथेच.

"काय चाललंय?"

"तुमची शिकवण दाखवतेय, बाबा. रबर सरळ असलेल्या स्टिकने."

खुर्च्यांवर हालचाल झाली. एका निवृत्त न्यायाधीशांनी आपली स्टिक उलटी करून मूठ डोळ्यांजवळ नेली. शेजारच्याने विचारलं, "आहे का हो?" न्यायाधीश म्हणाले, "तपासतोय." पण त्यांचे कान लाल झाले होते.

मास्तर तिच्या जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "खांदा आधी धावतोय तुझा. वरून खाली येताना कंबर आधी फिरली पाहिजे. हात सगळ्यांच्या शेवटी."

तिने त्यांच्याकडे बघितलं. "हे आज सांगताय?"

"तेव्हा सांगितलं असतं तर वर्षभर वाकडेच चेंडू पडले असते. हाडात बसायला वर्ष लागतं. वर्षभर त्या चटईवर कुणाला उभं करणार होतो मी?"

सांगितलेला शब्दन् शब्द बरोबर होता. मास्तरांना आपला विषय येत होता. पण तिला ते बरोबर आहे की ही आणखी एक थाप आहे, हे कळायला मार्ग नव्हता. खोलीच्या दारात नवरा येऊन उभा होता. त्याने मान हलवली. "बरोबर सांगतायत बाबा."

जेवताना बोलायचा त्याच आवाजात.

तिने दोघांकडे पाठ केली. शेवटच्या खुर्चीवर एक दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. आजच आल्या होत्या, पर्सही अजून मांडीवरच.

"ताई, तुम्ही बघत होतात ना? माझं आधी काय हललं?"

"मला यातलं काही कळत नाही हो."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

तिने चेंडू मारला. तो वळला. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि अवघडून आपल्याच उजव्या खांद्याला हात लावला. "हा. हा आधी पुढे आला."

सुनेने मान डोलावली आणि दुसरा चेंडू चटईवर ठेवला.

"परत बघा," ती म्हणाली. "आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका."